राणीछाप रुपयाची पारख

बीड जिल्ह्याच्या पश्चिमेकडील आष्टी-पाटोद्याचा मुलूख नगर जिल्ह्याला लागून आहे. या भागातील एका कॅथलिक कुटुंबाने गेल्या उन्हाळ्यात आम्हांस आग्रहाने बोलावून घेतले. निमित्त होते एका माळेचे. घरच्या आजींनी पेटीतून जुन्या लुगड्याच्या तुकड्याची पुरचुंडी काढली, गाठ सोडली आणि काळ्या गोफात ओवलेले एकवीस रुपये आमच्यासमोर घोंगडीवर ठेवले. प्रत्येक रुपयाच्या माथ्यावर चांदीची कडी झाळलेली होती. मध्ये चार ठिकाणी गोफ रिकामा होता व तेथे नुसत्या गाठी मारलेल्या होत्या.

नातीच्या नर्सिंगच्या शिक्षणाची फी भरावयाची होती. गावोगाव फिरणाऱ्या एका खरेदीदाराने माळ तराजूत घालून भाव सांगितला होता. उलट, व्हिक्टोरिया राणीचा एकेक रुपया लाखालाखाला जातो असे नातवाने कोठेसे ऐकले होते. माळ मोडावी की ठेवावी, आणि मोडायची तर कोणत्या भावाने, एवढाच प्रश्न आम्हांस विचारण्यात आला. आम्ही नाण्यांचे व्यापारी नव्हे. परंतु पुष्कळ वर्षे जुनी नाणी पाहण्याचा नाद असल्याने भिंग व लहान काटा आमच्या पिशवीत असतो. दुपार त्या माळेवरच गेली. त्या दुपारी जे पाहिले व त्यामागचा जो इतिहास आम्हांस ठाऊक आहे, तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटले. कारण अशा पुरचुंड्या आपल्या अनेक घरांतील पेट्यांमध्ये अजून आहेत.

आम्ही माळ हाती घेताच आजी म्हणाल्या, "कलदार हायेत समदे. हालीचा एक बी न्हाई. सासूबाई सांगायच्या, हालीला कडी लावत नसत्यात." या एका वाक्यात बीड जिल्ह्याचा शंभर वर्षांचा आर्थिक इतिहास आला आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या संस्थानाचे स्वतःचे नाणे होते. त्यास हाली शिक्का म्हणत. या रुपयावर राजाचा मुखवटा नसे. यंत्रावर पाडलेल्या नंतरच्या नाण्यांवर चारमिनारचे चित्र असून त्याच्या कमानीत राज्यकर्त्याच्या नावाचे आद्याक्षर असे: महबूब अली खानांसाठी 'मीम' आणि उस्मान अली खानांसाठी 'ऐन'. शेजारचा नगर जिल्हा मात्र इंग्रजी अंमलाखाली होता व तेथे चाले तो इंग्रजी रुपया. 'कल' म्हणजे यंत्र. म्हणून यंत्रावर पाडलेला तो कलदार. हे नाव हातोड्याने नाणी ठोकण्याच्या काळात पडले व पुढे निजामाचे नाणेही यंत्रावर पडू लागले तरी कायम राहिले.

दोन्ही रुपयांचा भाव एक नव्हता. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा हिशोब होता. तो नुसता सरकारी हुकूम नव्हता, हे काट्यावर पडताळून पाहता येते. कलदार रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा व त्याचा कस शेकडा ८१.८. म्हणजे कलदारात शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम आणि हालीत ९.१५ ग्रॅम. भागाकार करून पाहावा. सातास सहाचेच प्रमाण येते. आष्टीचा शेतकरी नगरच्या बाजारी माल घेऊन जाई, वाटेत करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरी, आणि परतताना त्याच्या कनवटीला दोन राज्यांचा पैसा असे. त्यातला कोणता खर्चायचा व कोणता बायकोच्या हाती ठेवायचा, हे त्यास कोणी शिकवावे लागत नसे. जड आणि चोख तो घरात राही, हलका बाजारात फिरे. सासूबाईंनी सांगितलेला नियम तो हाच.

आता त्या कलदारावर राजाराणीचे मुखवटे कोठून आले ते पाहू. ईस्ट इंडिया कंपनीने प्रारंभी आपली नाणी मोगल बादशाहाच्या नावानेच पाडली. शाह आलमच्या नावाचा सुरती रुपया पश्चिम भारतात सर्वत्र चाले. १८३५ साली कंपनीने आपल्या साऱ्या मुलखासाठी एकच रुपया ठरविला आणि त्यावर प्रथमच इंग्लंडच्या राजाचा, चौथ्या विल्यमचा, मुखवटा आला. १८४० च्या रुपयावर तरुण व्हिक्टोरिया राणी आली. केस मागे बांधलेले, मस्तक मुकुटाविना. कंपनीचे राज्य संपल्यावर १८६२ मध्ये मुकुट घातलेली, भरजरी वस्त्रातील राणी आली. या १८६२ च्या रुपयाची एक गंमत आहे. पुढे १८७४ पर्यंत रुपये पाडले गेले तरी त्यांवर साल १८६२ हेच राहिले. नाण्यावर काही ठिकाणी बारीक ठिपके आहेत. त्यांची संख्या मोजून अभ्यासक नाणे खरोखर कोणत्या वर्षी पडले याचा छडा लावतात. १८७७ पासून 'क्वीन'च्या जागी 'एम्प्रेस' हे अक्षर आले. सातव्या एडवर्डचे रुपये १९०३ ते १९१० या सालांचे. त्यांवर राजा उघड्या डोक्याचा आहे. त्यामागून पाचवा व सहावा जॉर्ज, दोघेही मुकुटधारी.

आमच्यासमोरच्या माळेत सहा रुपये राणीचे होते: एक १८४० चा, दोन १८६२ चे व तीन 'एम्प्रेस'चे. चार एडवर्डचे. उरलेले अकरा पाचव्या जॉर्जचे, आणि त्यांतला एक १९११ चा. तो पाहताच आम्ही भिंग पुढे ओढले. त्याचे कारण सांगणे आवश्यक आहे.

१९११ च्या रुपयावर पाचव्या जॉर्जच्या झग्यावर एका मानाच्या साखळीत हत्ती कोरलेला आहे. कोरणाऱ्याने त्याची सोंड इतकी आखूड व पाय इतके बुटके केले की लोकांस तो हत्ती न वाटता डुक्कर वाटला. मुसलमान प्रजेत मोठा क्षोभ झाला. टांकसाळीत त्या वर्षी सुमारे ९४ लाख रुपये पाडले गेले होते. त्यांतील सुमारे सात लाखच बाहेर पडले होते. उरलेले अडकवून वितळविण्यात आले, आणि १९१२ पासून ठळक सोंडेचा हत्ती आला. म्हणून १९११ चा रुपया संग्राहक आवर्जून शोधतात. आजींच्या माळेतल्या त्या रुपयावर हत्ती आहे की डुक्कर हे मात्र सांगता येण्यासारखे नव्हते. साखळीची जागा झिजून गुळगुळीत झाली होती. तीन पिढ्यांच्या लुगड्यांवर घासून त्या वादग्रस्त प्राण्याचा निकाल लागला होता.

येथे पारखीचा, म्हणजे नाण्याची प्रत ठरविण्याचा, प्रश्न येतो. हे शास्त्र परदेशातून आले असा पुष्कळांचा समज आहे. आज जगभर नाण्यास एक ते सत्तर गुण देण्याची जी पद्धत आहे, ती विल्यम शेल्डन या अमेरिकन गृहस्थाने १९४९ साली आपल्या देशातील तांब्याच्या जुन्या सेंटांसाठी बसविली. परंतु आपल्या मराठी मुलखात पोतदार हा हुद्दा त्याच्या कितीतरी पूर्वीचा आहे. सरकारात भरणा होणारे प्रत्येक नाणे पोतदार वाजवून, घासून, तोलून घेई. झिजलेल्या किंवा हलक्या नाण्यावर बट्टा कापला जाई. सराफ नाण्याच्या अंगावर आपला बारीक ठसा मारून ठेवीत. 'खणखणीत', 'बंदा रुपया', 'बद्द वाजणे', 'बट्टा लागणे' हे शब्द आपण आज माणसांच्या स्वभावाविषयी वापरतो. ते सारे त्या दुकानातून आलेले आहेत.

दोन पारखींत एक मोठे अंतर आहे. पोतदाराला धातूशी काम होते. मुखवट्याचे नाक झिजले म्हणून त्याचे काही अडत नव्हते. आजच्या संग्राहकाचे उलट आहे. त्यास मुखवटाच हवा. तो नाण्यातले सर्वांत उंच भाग आधी पाहतो, कारण झीज तेथे प्रथम दिसते. राणीच्या रुपयावर कानावरचे केस, मुकुटाची नक्षी व छातीवरील वस्त्राची वेलबुट्टी. एडवर्डच्या रुपयावर कानाजवळचे केस व दाढी. जॉर्जच्या रुपयावर मुकुट, झगा आणि तो हत्ती. वेलबुट्टीचा प्रत्येक टाका दिसत असेल व नाण्याच्या पाठीवर टांकसाळीतले मूळ तेज खेळत असेल, तर ते नाणे चलनात न फिरलेले. केसांच्या मुख्य बटा दिसतात पण बारीक रेषा गेल्या, तर 'व्हेरी फाइन'. नुसती बाह्याकृती आणि वाचता येणारी अक्षरे उरली, तर त्याहून खालची प्रत. एकाच सालाच्या दोन रुपयांत या एका गोष्टीने किमतीचा दहापट फरक पडतो.

आणि कडी? कडी झाळलेले नाणे या हिशोबात जवळजवळ बादच होते. ती काढली तरी झाळाचा डाग उरतो. भोक पाडले असेल तर त्याहून वाईट. आम्ही हे सांगताच नातवाचा चेहरा उतरला. त्याला आणखी एक गोष्ट सांगणे भाग पडले. या कुटुंबात दर नाताळापूर्वी माळ चिंच व राखेने लखलखीत घासण्याची रीत होती. चांदीवर काळाने जी निळसर-करडी साय धरते, तीत संग्राहक नाण्याचा अस्सलपणा पाहतो. राखेने ती साय तर जातेच, पण मुखवट्यावर हजारो बारीक चरे उमटतात व ते पुन्हा कधीही जात नाहीत. वाचकांच्या घरी सुटी, कडी नसलेली नाणी असतील तर त्यांस चिंच, लिंबू, राख, रांगोळी, पूड काही लावू नये. साध्या कागदाच्या पाकिटात, कोरड्या जागी, एकेक वेगळे ठेवावे. धरताना कडांनी धरावे. एवढे केले तरी पुष्कळ.

पण मग असा प्रश्न उभा राहतो की आपल्या पणज्या-आज्यांनी नाण्यांना कड्या लावल्या तो अडाणीपणा होता काय? आम्हांस तसे वाटत नाही, आणि हे आमचे मत आम्ही थोडे विस्ताराने मांडू इच्छितो.

१८९३ पर्यंत हिंदुस्थानातील टांकसाळ सर्वांस खुली होती. कोणीही चांदी न्यावी आणि ठरलेले शुल्क देऊन तिचे रुपये पाडून घ्यावेत. त्यामुळे दागिन्याची चांदी व रुपयाची चांदी यांत फारसे अंतर नव्हते. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळात दख्खनच्या खेड्यापाड्यांतील तोडे, वाळे, सरी मुंबईच्या टांकसाळीत वितळले, ते याच वाटेने. परंतु जगात चांदी स्वस्त होत चालली होती आणि रुपयाची किंमत तिच्याबरोबर घसरत होती. म्हणून जून १८९३ मध्ये सरकारने टांकसाळीचे हे दार लोकांसाठी बंद केले. पुढे पंधरा रुपयांस एक सोन्याचा सॉव्हरिन, ज्यास आपण गिनी म्हणतो, असा भाव स्थिर करण्यात आला. याचा परिणाम असा झाला की रुपयातील चांदीपेक्षा रुपयाचे मोल अधिक झाले. त्या अधिक मोलाचे कारण एकच: त्यावरील राजाची छाप.

आता १८९९-१९०० च्या दुष्काळातील एखाद्या घराची कल्पना करावी. ज्या बाईजवळ चांदीचे तोडे होते तिला ते सराफाकडे पडत्या भावाने मोडावे लागले. जिच्या गळ्यात अख्ख्या रुपयांची माळ होती, तिच्याजवळ मात्र रुपयेच होते. कडीचा थोडा बट्टा सोसला की रुपया तो रुपया. म्हणजे नाणे वितळवून दागिना करण्याऐवजी नाणेच गळ्यात घालणे, यात हिशोब होता. टांकसाळ बंद झाल्याची अधिसूचना त्या बायांनी वाचली नव्हती. पण रुपयाचा तोंडवळा शाबूत ठेवायचा, हे त्यांस कळले होते. संग्राहकाच्या दृष्टीने जो डाग, तो त्या घराच्या दृष्टीने विमा होता.

पहिल्या महायुद्धात चांदीची एवढी टंचाई झाली की १९१७ साली सरकारला एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली, आणि लोक ती घेईनात. १९१८ मध्ये अमेरिकेने कायदा करून आपल्या तिजोरीतील सुमारे २६ कोटी चांदीचे डॉलर वितळविले व ती चांदी हिंदुस्थानसाठी पाठविली. १९१८ ते १९२० चे जॉर्जछाप रुपये घरोघरी इतके का सापडतात याचे उत्तर त्यात आहे. आजींच्या माळेतही तसे सहा होते. त्यांतील चांदी कोणे एके काळी अमेरिकन स्वातंत्र्यदेवतेचा मुखवटा धारण करून होती असे आम्ही सांगितले, तेव्हा आजी म्हणाल्या, "म्हंजी बाईचीच व्हती म्हणायची!"

दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, रुपयातील चांदी निम्म्यावर आली, आणि १९४१ ते १९४३ या काळात राणीचे, एडवर्डचे व मग जॉर्जचे जुने चोख रुपये एकामागून एक चलनातून रद्द करण्यात आले. हाली शिक्काही १९५० नंतरच्या दशकात इतिहासजमा झाला. तेथून पुढे माळेतला रुपया पुन्हा नुसती चांदी झाला. चार रिकाम्या गाठींची कथा येथली आहे. बहात्तरच्या दुष्काळात या घराने चार रुपये मोडले. सराफाने ते मुखवट्याकडे न पाहता तराजूत टाकले. ते कोणत्या सालाचे होते हे कोणासही आठवत नाही. पण आजींनी गोफ नव्याने गुंफून घेतला नाही. गाठी तशाच राहू दिल्या. लूकच्या शुभवर्तमानातील दहा नाण्यांपैकी एक हरवले म्हणून दिवा लावून घर झाडणारी स्त्री आपणांस परिचित आहे. ती दहा नाणी तिच्या मस्तकावरील दागिन्यातली असावीत, असे काही भाष्यकार म्हणतात. घोंगडीवरच्या त्या माळेपुढे बसल्यावर ते भाष्य आम्हांस एकदम पटले. हिशोब नाण्याचा नसून माळेचा असतो.

आपल्या वाचकांस विशेष वाटेल अशी एक गोष्ट या मुखवट्यांभोवतीच्या अक्षरांत आहे. युरोपातील राजांच्या नाण्यांवर 'देई ग्रात्सिया', म्हणजे 'देवाच्या कृपेने', असे लॅटिन शब्द वा त्यांची आद्याक्षरे असत. इंग्लंडच्या नाण्यावर त्याशिवाय 'श्रद्धेचा रक्षक' ही पदवीही असते. ती पोप दहावे लिओ यांनी १५२१ मध्ये आठव्या हेन्रीला सात साक्रामेंतांच्या समर्थनार्थ लिहिलेल्या ग्रंथाबद्दल दिली. पुढे हेन्रीने रोमशी संबंध तोडला, पण पदवी सोडली नाही. १८४९ साली इंग्लंडात फ्लोरिन हे नवे नाणे निघाले, त्यावर ही दोन्ही अक्षरे वगळली गेली. केवढा गहजब झाला! त्या वेळी टांकसाळीचे प्रमुख रिचर्ड लेलर शील हे आयरिश कॅथलिक गृहस्थ होते. तेव्हा हा कॅथलिकांचाच कावा असे म्हणण्यापर्यंत लोकांची मजल गेली. १८५१ पासून अक्षरे परत आली. मौज अशी की हिंदुस्थानच्या रुपयावर ती अक्षरे १८४० पासूनच नव्हती आणि पुढेही कधी आली नाहीत. तेथे नुसते 'व्हिक्टोरिया क्वीन'. आणि त्याबद्दल लंडनमध्ये कोणी हूं की चूं केले नाही. मात्र १९१८ साली मुंबईच्या टांकसाळीत सुमारे तेरा लाख सोन्याचे सॉव्हरिन पाडले गेले, त्यांवर देवाची कृपा आणि श्रद्धेचे रक्षण ही दोन्ही अक्षरे आहेत. त्याच राजाच्या चांदीच्या रुपयावर ती नाहीत. सोन्याला कृपा आणि चांदीला नाही, असा हा प्रकार. त्याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

गोव्याच्या व वसईच्या बाजूला सोयरसंबंध असणाऱ्या घरांत पोर्तुगीज राजांची चांदीही सापडते. राजा लुईस याचा १८८१ व १८८२ चा रुपया हा १८७८ च्या तहानुसार इंग्रजी रुपयाच्याच वजनाचा व कसाचा आहे. राजा कार्लोस याचे रुपये १९०३ व १९०४ चे. १९१२ च्या रुपयावर राजा नाही, कारण तोवर पोर्तुगालात प्रजासत्ताक आले होते. याशिवाय क्वचित दिसते ते ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसा या कॅथलिक सम्राज्ञीचे मोठे, २८ ग्रॅमचे नाणे. ती १७८० साली वारली. पण अरबस्तान व इथिओपियाच्या व्यापाऱ्यांचा तिच्या मुखवट्यावर इतका भरवसा की तेच साल घालून तेच नाणे पुढेही पाडले जात राहिले. १९४०-४१ मध्ये तर ते आपल्या मुंबईच्याच टांकसाळीत कोटीहून अधिक संख्येने पडले. तेव्हा नाण्यावर १७८० दिसले म्हणून ते तेव्हाचे असे मानू नये.

खोट्याविषयी दोन शब्द. खरा कलदार एक तोळा भरतो, लोहचुंबकास चिकटत नाही आणि फरशीवर लांब नाद देतो. ओतीव नकल बद्द वाजते व तिच्या अंगावर बारीक खड्डे दिसतात. ईस्ट इंडिया कंपनीचे १८१८ चे म्हणून राम-सीतेची वा अन्य देवतांची नाणी विकली जातात. कंपनीने तशी नाणी कधीही पाडलेली नाहीत. राणीछाप नाणे तांदूळ ओढून घेते, त्यात अद्भुत शक्ती आहे, असे सांगून लाखो रुपये उकळणाऱ्या टोळ्या महाराष्ट्रात पकडल्या गेल्या आहेत. चांदीला असली शक्ती नसते. तसेच घराचा पाया खोदताना नाण्यांचे गाडगे सापडले तर १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे, आणि शंभर वर्षांपूर्वीचे नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. परदेशी नोकरीस असलेल्या मुलांबरोबर ते भेट म्हणून पाठवता येत नाही.

तर आता त्या दुपारचा निकाल. संपूर्ण माळ कड्यांसह २४१ ग्रॅम भरली. खरेदीदाराने तिचे वजन वीस तोळ्यांहून कमी सांगितले होते, ते चूक होते. ते आम्ही प्रथम सांगितले. संग्राहकाच्या तराजूत १८४० च्या व १९११ च्या रुपयांस कडी व झीज मिळून थोडीफार अधिक किंमत आली असती, बाकीच्यांस चांदीचीच. लाखांची गोष्ट नातवाने मनातून काढून टाकावी, हे आम्हांस स्पष्ट बोलावे लागले. साऱ्या माळेतून फीचा जेमतेम एक हप्ता निघाला असता. फीची सोय पुढे निराळ्या मार्गाने झाली. ती कशी, हे सांगण्याचे हे स्थळ नव्हे.

आम्ही निघण्याच्या बेतात असता आजींनी नातीला वही आणावयास सांगितली. "कुठला कंच्या सालचा, ते ओळीनं लिहून ठिवा," त्या म्हणाल्या. आम्ही सांगत गेलो व नातीने लिहिले: एकापासून एकवीसपर्यंत राणी, राजा, साल, आणि जेथे वाचता आले तेथे टांकसाळीची खूण. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर खालच्या कमळाखाली बारीक ठिपका असला तर तो मुंबईचा, नसला तर कलकत्त्याचा. तो शोधण्यात नातीचे डोळे आमच्यापेक्षा तीक्ष्ण निघाले. चार गाठींच्या जागी तिने चार आडव्या रेघा ओढल्या आणि पुढे 'बहात्तर' असे लिहिले. कागदाची घडी झाली. आजींनी ती माळेवर ठेवून पुरचुंडीला गाठ मारली, आणि यंदाच्या नाताळाला माळेला चिंच लावायची नाही अशी सुनेला ताकीद दिली.